पत्र्याचा आवाज, कापडाचा आवाज

माझ्या माहेरी, नांदेडला, घराच्या पुढच्या खोलीत फाटलेले स्पीकर यायचे. लग्नाच्या बँडवाल्यांचे, रसवंतीवरच्या टेपचे, मशिदीचे, देवळाचे, तंबूतल्या सिनेमाचे. नायगाव-बिलोलीकडचे लोक ते एसटीच्या टपावर टाकून आणत. अब्बा त्यांचे कोन, म्हणजे आतले नरसाळ्यासारखे कागद, बदलायचे. लोखंडी सांगाड्यातून जुना कागदी कोन कापून काढायचा, कडेचा वाळलेला गोंद खरवडायचा, चुंबकाच्या फटीतली धूळ चिकटपट्टीनं उचलायची आणि नव्या कोनाची तांब्याची कॉइल त्या फटीत बरोब्बर मधोमध बसवायची. कॉइल कुठं घासू नये म्हणून फटीत एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या आणि गोंद वाळला की उपसून काढायच्या. ते एक्स-रे दवाखान्यातला एक कंपाउंडर आणून द्यायचा. कुणाच्या बरगड्या, कुणाचा मोडलेला हात. मी कात्रीनं त्यांच्या पट्ट्या करत असे.

दोघे भाऊ गॅरेजात गेले. त्यांना या बैठ्या कामाचा कंटाळा होता आणि माझी बोटं बारीक होती, म्हणून अब्बांनी मला शेजारी बसवून घेतलं. घरात आम्ही दखनी बोलायचो, गिऱ्हाइकाशी मराठी. मी शाळा मराठीत शिकले, त्यामुळं लिहायला बसलं की मराठीच सुचतं. म्हणून घरातलं बोलणंही इथं मराठीतच लिहिते आहे.

अब्बांनी मला आधी हात चालवायला शिकवलं नाही, ऐकायला शिकवलं. कोनावर नखानं टिचकी मारायचे आणि विचारायचे, "काय म्हणतो?" कागद 'थप' म्हणून गप्प बसायचा. प्लॅस्टिकचे कोन तेव्हा नवीन येऊ लागले होते. ते पाण्याला दाद देत नसत, पण त्यांचा आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखा यायचा. बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर असतो, ट्वीटर. त्याच्या तोंडाशी कधी रेशमी कापडाचा घुमट असायचा, कधी ॲल्युमिनियमचा.

"पत्रा खणखणीत बोलतो," अब्बा म्हणायचे, "पण बोलून झाल्यावरही जरा वेळ वाजत राहतो. आपल्याला वाटतं अक्षरच तसं आहे. कापडाचं तसं नाही. ते थोडं कमी बोलतं, पण थांबायचं तिथं थांबतं."

"मग चांगलं कुठलं?"

"कुणाला ऐकवायचंय त्यावर आहे, बेटा."

लग्न होऊन मी लातूरला आले. आमच्या मालकांचा भाड्यानं साऊंड द्यायचा धंदा होता. भोंगे, मोठे बॉक्स, आवाज वाढवायचं मशीन, माईक, बॅटऱ्या. लग्न असो, सभा असो, उरूस असो, गणपती असो, त्यांची जीप निघालेलीच. स्वभावानं गडी मोकळा, बोलायला लागला की थांबायचा नाही. माईक तपासताना बाकीचे 'हॅलो, वन टू थ्री' म्हणायचे, हे बाजारातले भाव म्हणायचे. तुरीचा, हरभऱ्याचा, कांद्याचा. लोक हसायचे. आपल्या बायकोला कॉइल बसवता येते याचं त्यांना फार कौतुक होतं. चारचौघांत सांगायचे, "माझ्या घरात मिस्त्री हाय."

आमची मुलगी तेव्हा रांगायला लागली होती. गणपती विसर्जनाचा दिवस होता. आमचं सगळं सामान मंडळांनी नेलेलं. दिवसभर आणि त्यानंतरही भोंगे अखंड वाजले. मालक दमून येऊन पडले आणि पहाटे घर हाललं. आमच्या भिंतीला चीर पडली, फळीवरची भांडी खाली आली, एवढंच. आम्ही मुलीला घेऊन रस्त्यावर उभे राहिलो. उजाडल्यावर औशाकडून येणाऱ्या माणसांकडून कळू लागलं की तिकडं गावंच्या गावं बसली आहेत. दगडमातीची जाड भिंतींची घरं होती ती. झोपलेली माणसं त्याच्याखालीच राहिली.

दुपारच्या आत आमच्या दारात सरकारी गाडी आली. भोंगा आणि मशीन पाहिजे, माणूस पाहिजे. मालकांनी मंडळाकडून परत आलेले दोन भोंगे तसेच जीपवर बांधले आणि गेले. त्यांना तपासायला वेळच नव्हता. असता तरी अशा दिवशी कोण तपासत बसलं असतं?

काही दिवसांनी त्यांचा निरोप आला. भोंग्याची युनिटं बसताहेत, डायफ्राम घेऊन तू ये. भोंग्याच्या मागं जो डबा असतो त्याला युनिट म्हणतात आणि त्याच्या आत वाटीएवढा एक पातळ पडदा असतो, तो डायफ्राम. बोलतो तो पडदा. भोंगा नुसता तो आवाज लांब नेतो. मी बिस्किटाच्या डब्यात होते तेवढे पडदे भरले, मुलीला सासूबाईंकडं सोडलं आणि मदतीचं सामान नेणाऱ्या एका ट्रकमधून निघाले.

पाऊस लागलेला होता. रस्त्याच्या कडेला शेतात तंबू आणि पत्र्याचे आडोसे. चुन्याची पावडर सगळीकडं टाकलेली, आणि तिच्याखालून येणारा वास, त्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही, इथंही लिहीत नाही. ट्रकमधून उतरायच्या आधीच मला मालकांचा आवाज ऐकू आला. म्हणजे आवाज त्यांचाच, पण पत्र्याचा झालेला. पाण्याचा टँकर आला आहे. डॉक्टर पलीकडच्या तंबूत आहेत. अमक्या गावचे लोक ओळख पटवायला या. अमक्याला त्याचा भाऊ शोधतो आहे. प्रत्येक 'हॅलो'ला तंबूतून माणसं पळत बाहेर यायची, ऐकायची, आणि आपलं नाव नाही म्हणून परत आत जायची.

कुणीतरी चांगल्या मनानं मोठे बॉक्स पाठवले होते, कागदी कोनाचे. ते एका पावसात गेले. मी जाळी काढून हात लावला तर भाकरी पाण्यात पडावी तसा कोन बोटाला लागला. त्यांचं तिथं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. भोंगेच उपयोगाचे होते. त्यातल्या एका युनिटची कॉइल जळलेली होती. मी ते दुरुस्त करायला आडोशाला बसले. दुसरं चालू होतं, म्हणून ते कुणी उघडलं नव्हतं.

मालकांच्या शेजारी, मशीन ठेवलेल्या खोक्याला टेकून, एक म्हातारी बसलेली असायची. त्या रात्री ती शेतातल्या खोपीत झोपली होती म्हणून वाचली. तिची नात, आठ-नऊ वर्षांची, गणपतीसाठी शेजारच्या गावी मावशीकडं गेली होती. मावशीचं घर सापडलं, मावशी सापडली, नात नाही. म्हातारी दिवसातून कितीदा तरी मालकांच्या गुडघ्याला हात लावून म्हणायची, "लेका, एकदा घे की नाव." आणि मालक नाव घ्यायचे. मुलीचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव.

मी आले त्याच दिवशी एक मुलगी आली.

चिखलातून पळत आली. अंगावर कुणाचा तरी मोठा स्वेटर, एका पायात चप्पल. मशीनपाशी येऊन उभी राहिली आणि दम खात म्हणाली, "मी हाय. मला कोण बोलवून राहिलं?"

मालक उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं ते तिला उचलून घेणार. ते म्हातारीकडं वळून ओरडले, "आजी, बघा! आली की!"

म्हातारी खोक्याला धरून उठली. मुलीजवळ गेली, तिची हनुवटी वर केली, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ही न्हवं."

मुलगी म्हणाली, "माझंच नाव घेतलं की."

नाव तेच होतं. आमच्या भागात घरटी एक असेल असं नाव. पण ही मुलगी तिसऱ्याच गावची होती. तिला वाटलं होतं तिच्या आईनंच बोलावलंय. ती विचारू लागली, "आई कुठं हाय माझी?" मीच तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, गावाचं नाव नाही का ऐकलंस?"

"गावाचं कळलं न्हाई. नुसतं झणझण आलं."

म्हातारी हळूच म्हणाली, "मला बी कधी कळलं न्हाई बाई. मला वाटलं मीच म्हातारी झाले."

मी मालकांना माईकवर बोलायला लावून स्वतः शेताच्या टोकाला जाऊन उभी राहिले. नाव येत होतं. पहिलं अक्षर उठून येत होतं. पण एका अक्षराची झणझण पुढच्या अक्षरावर सांडत होती, आणि तीन नावं एकापुढं एक घेतली की शेवटच्याचा नुसता खडखडाट उरायचा. परत आले, युनिट उतरवलं आणि उघडलं. ॲल्युमिनियमचा पडदा होता. कडेनं केसाएवढी चीर गेलेली, नखानं रेघ ओढल्यासारखी. विसर्जनात पूर्ण आवाजावर वाजवून वाजवून पत्रा थकला होता. कापड थकलं तर सैल पडतं, आवाज बारीक होतो, लोक म्हणतात खराब झालं. पत्रा थकला तर तो तुटेपर्यंत मोठ्यानंच बोलत राहतो, म्हणून कुणाला संशय येत नाही.

डब्यात ॲल्युमिनियमचे नवे पडदे होते आणि कापडावर राळ चढवलेले, तपकिरी रंगाचे दोन. मी कापडी उचलला.

मालक म्हणाले, "तो नको. त्याचा आवाज लांब जात नाही. पलीकडच्या तंबूंपर्यंत पोचणार नाही."

"मग दोन्ही भोंगे दोन ठिकाणी लावा. मधी वायर ओढू. लांब जाऊन तरी काय उपयोग झाला?"

त्यांनी वायरीचं भेंडोळं उचललं. मी कापडी पडदा बसवला, दुसऱ्या युनिटातही तोच. त्यांनी पुन्हा बाजूच्या दोन-चार गावांची नावं घेऊन पाहिली. आवाज जाडसर आला, घरातल्या माणसासारखा. तंबूतून लोक बाहेर आले, पण पळत नाही आले.

ती मुलगी म्हातारीजवळच राहिली. म्हातारीनं तिला हाकललं नाही आणि जवळही ओढलं नाही. दोघी एका चादरीखाली बसायच्या. मुलीची आई, बाप, धाकटा भाऊ, कुणीच नव्हतं. पुढं सोलापूरकडून तिचा चुलता आला आणि तिला घेऊन गेला. जाताना तिनं मागं वळून पाहिलं की नाही ते मला आठवत नाही. मी मशीनवर छत्री धरून उभी होते.

म्हातारीची नात ढिगारे उपसणाऱ्या जवानांना सापडली. मावशीच्या घरात नव्हती, शेजारच्या घरात होती. गणपतीची आरास बघायला गेली असावी आणि तिथंच झोपली असावी. निरोप घेऊन आलेल्या माणसाला म्हातारी कोणती ते माहीत नव्हतं. त्यानं चिठ्ठी मालकांच्या हातात दिली, पुकारा म्हणाला. मालकांनी ती वाचली. माईक बंद केला. वायर उपसून बाजूला ठेवली. आणि म्हातारीसमोर उकिडवे बसून तिला तोंडानं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बरं." नंतर म्हणाली, "आता नाव घेऊ नको लेका."

लातूरला परतल्यावर मालक या सगळ्याविषयी बोलले नाहीत. पण त्यांची एक सवय बदलली. भाव म्हणून माईक तपासणं गेलं. आता ते माईक दुसऱ्याच्या हातात द्यायचे, गावांची नावं म्हणायला लावायचे आणि स्वतः भोंग्यासमोर, बॉक्ससमोर जाऊन कान लावून उभे राहायचे. प्रत्येक कार्यक्रमात, कार्यक्रम संपेपर्यंत. मी म्हणायचे, "अहो, जरा लांब उभे राहा की." ते म्हणायचे, "लांबून चीर कळत नाही." पडद्याची चीर म्हणायची होती त्यांना. वर्षामागून वर्षं ते तसे उभे राहिले.

मग लातूर बदललं. आमच्या गल्लीपलीकडची गोदामं रिकामी झाली आणि तिथं क्लास सुरू झाले. डॉक्टर, इंजिनिअर व्हायला पोरं यायची. नांदेडची, परभणीची, बीडची, पार किनवटकडची. घराघरांच्या वरच्या मजल्यावर खोल्या निघाल्या, खोल्यांत कॉट, कॉटवर पोरं. गोदामात पत्र्याखाली शेकडो पोरं बसायची आणि सर पुढं फळ्यापाशी. शेवटच्या बाकापर्यंत आवाज न्यायचा तर स्पीकर पाहिजेत. मंडपाचं काम तोवर मोठ्या डीजेवाल्यांनी नेलं होतं. मालकांनी क्लासचं काम धरलं, मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. शिडीवर ते, खाली मी.

एका क्लासचं काम आमच्याकडं कायमचं आलं. तिथले सर भले माणूस होते. तरुण, घसा कायम बसलेला. त्यांनी एकच सांगितलं होतं, "काका, मागच्या पोराला पुढच्याइतकंच कळलं पाहिजे." मालकांना हे इतकं पटलं की ते घरी येऊनही तेच बोलत बसले. शेवटच्या बाकावर 'स' आणि 'श' वेगळा गेला पाहिजे. शिसे म्हटलं तर शिसेच ऐकू आलं पाहिजे.

त्यांनी आधी कागदी कोनाचे खांबाखांबावर बॉक्स लावले. सरांना ते पुरेसं वाटलं. मालकांना नाही. "बोथट आहे," ते म्हणाले आणि प्रत्येक बॉक्सवर एक पिझो ट्वीटर बसवला. या ट्वीटरात ना चुंबक असतो ना कॉइल. चिनीमातीसारखी एक पातळ चकती, वीज लागली की ती थरथरते. स्वस्त, जळत नाही, आणि बारीक आवाज असा फेकते की सुईच. पुढच्या महिन्यात अजून एकेक बसवला. मी म्हणाले, "खूप होतंय." ते म्हणाले, "कुठं खूप? मला तर अजून पडदा आड असल्यासारखं येतंय."

तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं असं आता लोक म्हणतात. मला थोडं कळलंही होतं. घरात ताटली पडली तर ते वळून बघत नसत, पण गल्लीतून ट्रक गेला तर म्हणायचे, कुणाचा रे. 'सात वाजता' म्हटलं की 'आठ?' विचारायचे. मुलगी बोलली की मान हलवायचे आणि नंतर मला विचारायचे, काय म्हणत होती? मला वाटायचं वय झालं, लक्ष नसतं. मीही मोठ्यानं बोलू लागले होते. मोठ्यानं नाही, खालच्या पट्टीत बोलायचं असतं, हे मला नंतर आपोआप कळलं.

मुलगी तेव्हा बारावीला, त्याच क्लासात. एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मागच्या बाकावरची पोरं कानात कापूस घालून बसून राहिलेत. 'स' आला की डोक्यात जातो."

मालक म्हणाले, "कापूस? कापसाचा काय भाव चाललाय?"

ती हसली. मी नाही हसले.

एक दिवस आम्ही वायरी तपासायला क्लासवर गेलो तर पोरं नेहमीपेक्षा गप्प होती. बिलोलीकडचा एक मुलगा गेला होता. खोलीवर एकटा राहायचा. कसा गेला हे सरांनी सांगितलं नाही, आणि न सांगता सगळ्यांना माहीत होतं. त्याचे वडील सामान न्यायला आले होते. सरांनी त्यांना पुढं खुर्चीवर बसवलं. पांढरी टोपी मांडीवर ठेवून ते बसले होते. त्यांच्या पायाशी मुलाची ट्रंक आणि गुंडाळलेली गादी.

सर माईकवर दोन वाक्यं बोलले. "दोन मिनिटं शांत उभे राहू," म्हणाले आणि माईक खाली ठेवला.

सगळे उभे राहिले. आणि त्या शांततेत ट्वीटर बोलू लागले. माईक उघडाच होता, मशीन पूर्ण आवाजावर, आणि खांबाखांबावरच्या त्या चकत्यांमधून स्स्स असा एकसारखा आवाज येत होता. सर बोलत असताना तो झाकलेला असायचा. आता दुसरं काहीच नव्हतं. पोरं मान खाली घालून उभी होती आणि एकमेकांकडं तिरकं बघत होती. त्या वडिलांच्या अगदी वर खांबावरचा एक बॉक्स होता. त्यांनी मान वर करून पाहिलं. मग शेजारच्याला विचारलं, हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हे काय वाजून राहिलं हो?"

मालक मशीनपाशी उभे होते. हात पुढं बांधून, डोळे मिटून. त्यांच्यासाठी तिथं पूर्ण शांतता होती.

एक पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "काका, ते बंद करा." मालकांना ऐकू गेलं नाही. दुसरा जरा रागानं म्हणाला, "अहो काका, बंद करा की ते!" मालकांनी डोळे उघडले, त्याच्याकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा, म्हणाले. शांतता पाळायची असते.

मी पुढं होऊन मशीनची वायर खेचली. आवाज तुटला. तेव्हा खरी शांतता झाली, आणि त्या शांततेत सगळी पोरं आमच्याकडं बघत होती. माझी मुलगीही. मालकांनी मला विचारलं, "का बंद केलंस?" आपला आवाज किती चढा लागलाय ते त्यांना कळलं नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं. सायकलस्टँडपाशी. त्यांनी तीनदा विचारलं, "कसला आवाज?" मी तोंडानं स्स्स करून दाखवलं. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. कागदावर रेघ आली. ती अर्ध्यापर्यंत बरी चालली होती आणि पुढं विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. कानाचा पडदा चांगला आहे, म्हणाले, आतली नस गेली आहे, ती परत येत नाही. कुठं काम करता असं विचारलं. मालक म्हणाले, "भोंग्यासमोर."

क्लासच्या सरांनी आम्हाला काढलं नाही. मी त्यांना म्हणाले, ट्वीटर बदलून देते, ते म्हणाले, मावशी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी सगळ्या चकत्या उतरवल्या. नांदेडहून रेशमी घुमटाचे थोडे ट्वीटर मागवले, अब्बांच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं पाठवले, आणि खांबांच्या एका आड एकावरच लावले. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकलं. आवाज खाली आला, मऊ झाला, आणि 'स' जिथला तिथं थांबला. मालक शिडी धरून उभे होते. मी त्यांच्यापाशी परत आल्यावर म्हणाले, "आता कसं आहे?"

"चांगलं आहे."

"मला तर काहीच फरक नाही," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "मग मी इतके दिवस पोरांच्या कानात काय घातलं?"

मी शिडी मिटवली. पुढच्या कामाला ते आले नाहीत. शिडी मी दुसऱ्या एका माणसाकडून धरून घेऊ लागले. दोनेक वर्षांनी क्लास मोठ्या इमारतीत गेला, तिथं छतातच स्पीकर होते, आमचं काम संपलं.

त्यांना कानाचं मशीन घेतलं. कानात घातलं की ते दचकायचे. पाणी, पिशवी, चमचा, सगळं त्यांच्या अंगावर यायचं. "माणसं पत्र्याची झालीत," म्हणायचे. महिनाभर घातलं, मग ते कपाटात गेलं. आमच्या साऊंडच्या दुकानात बसायचे, गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बोट दाखवायचे. मोकळा बोलणारा माणूस, आता बोलणंच कमी झालं, कारण आपला आवाज किती मोठा होतोय हे त्यांना समजत नव्हतं, आणि लोक वळून बघायचे.

मुलीला डॉक्टरकीला नंबर लागला नाही. दुसऱ्या वेळी ती परीक्षेला बसलीच नाही. नर्सिंग केलं, हैदराबादला दवाखान्यात लागली. रविवारी फोन करते. आधी मी फोन त्यांच्या हातात द्यायचे. ते कानाला लावायचे, "हां, हां," म्हणायचे आणि परत द्यायचे. तिच्या आवाजातलं त्यांना काही सापडत नाही. आता मीच बोलते आणि वाक्य वाक्य खालच्या पट्टीत त्यांना सांगते. जेवली. ड्यूटी रात्रीची आहे. घरमालकीण चांगली आहे.

मागच्या रविवारी फोन ठेवल्यावर ते उठले नाहीत. मला वाटलं काही राहिलं विचारायचं.

"तिचा आवाज आता कसा झालाय गं?" त्यांनी विचारलं. "लहानपणी किरटा होता."

मी विचार करून सांगितलं, "भरलाय जरा. बोलता बोलता मधेच थांबते."

"दमते का?"

"दमते."

त्यांनी मान हलवली आणि दाराची कडी लावायला उठले.